किती ठेवू?

डोरीन काल्वर्ट वारली, हे मला
मंगळवारी स्टुडिओच्या जिन्यात कळलं.
अन्वर रेकॉर्डिस्ट म्हणाला, विनूताई, तुमची बाई गेली.
मी विचारलं, कुठली? भांडीवाली?

सव्वीस वर्षं
चकाल्याच्या एका गल्लीत, वायरींच्या गोदामावर,
भिंतींना काळा स्पंज डकवलेल्या खोलीत
मी तिच्या ओठांवर हिंदी बोलत आले.
ती ओहायोकडची, सुताराची लेक.
मी ठाकुरद्वारच्या त्रिलोकेकरांची, लग्नानंतर चारकोप.
एकमेकींचं देणं ना घेणं.

पहिल्यांदा आली तेव्हा ती कुणाची तरी सेक्रेटरी होती.
वाक्यं तीन.
साहेब मीटिंगमध्ये आहेत.
साहेब बाहेर गेलेत.
आणि मध्यंतरानंतर, साहेब मेलेत.
दिग्दर्शक म्हणाला, ताई, तुमचा च मराठी पडतोय.
मग आठवडाभर मी स्वयंपाकघरात
टाळूला जीभ चिकटवून
चोर, चाल, चमचा, चोर, चोर
करत राहिले.
शेजारच्या अजिंक्यबाईंनी दोनदा दार उघडून पाहिलं.

मग ती वकील झाली. अकरा सीझन.
सतरा निरपराध सोडवले, चार नवरे सोडले,
दोन पडद्यावर, दोन खरे.
खरे मला न्हाव्याच्या दुकानातल्या मासिकातून कळले,
मुलाचे केस कापून होईपर्यंत.
मला एपिसोडचे साडेचारशे,
पुढे सहाशे, चेक तीन महिन्यांनी.

पंचेचाळिशीनंतर तिला कुणी बोलावेना.
माझं पासबुकही तेव्हापासून कोरडं.
तिकडे तिच्या डोळ्यांखालचा मेकअप जाड होत गेला,
इकडे मी स्टेशनपासून रिक्षा सोडून चालायला लागले.
मग ती हिरोची आई,
मग सांधेदुखीच्या मलमाची जाहिरात,
मग कार्टूनमध्ये एका म्हाताऱ्या कासवाचा आवाज.
त्या दिवशी मी माइकसमोर एकटीच हसले,
बाई, कळलं ना आता
काचेआड उभं राहून
दुसऱ्याच्या ओठांवर बोलणं म्हणजे काय ते.

वाक्य संपायच्या जरा आधी
ती डावा खांदा उचलायची.
तिथे मी श्वास घ्यायची.
एवढंच काय ते आमचं नातं.
तिच्या नवऱ्यांना ठाऊक होता की नाही तो खांदा,
देव जाणे.

शेवटच्या मालिकेत तिची वाचा गेली.
आधी खरोखरच. मग लेखकांनी ती कथेत घेतली.
प्रॉडक्शनचा पोरगा फोनवर म्हणाला,
मॅडम, डायलॉगच नाहीत, पैसे कसले देऊ?
मी म्हटलं, ती श्वास घेते ना?
इंग्रजी पुसलंत की तोही पुसला जातो.
नवा कोण घालणार, तुझी आई?
पाच एपिसोड मी नुसता श्वास घेतला.
उसासा. आवंढा. नकाराचं अं.
कप हातातून निसटतानाचं
अर्धवट हं.
मानधन निम्मं.

आता चॅनेलला श्रद्धांजली हवीय, चार मिनिटांची.
कुठलीशी जुनी मुलाखत.
परसात, वेताच्या खुर्चीत,
ती टोमॅटोला लागलेल्या किडीबद्दल बोलतेय.
कोर्ट नाही, मुलं नाहीत, कासव नाही.
मी खांद्याकडे बघत थांबले.
तो उचललाच गेला नाही.
म्हणजे तोही अभिनय होता,
आणि मी त्यावर सव्वीस वर्षं जगले.
दोन टेक वाया गेले.
तिसऱ्याला डोळे मिटून घेतले
आणि माझ्या गॅलरीतल्या मिरचीला
पांढरी माशी लागलीय,
ते सांगावं तशी बोलले.

मुलाखतीतला मूळ आवाज पुसत नाहीत,
खाली, बारीक ठेवतात.
अन्वरने बटणावर बोट टेकवून
काचेपलीकडून विचारलं, तिचा किती ठेवू?
इतक्या वर्षांत हे कुणी मला विचारलं नव्हतं.
मी भाजीत मीठ घालतात तशी
चिमूट करून दाखवली.
मग थांब म्हटलं,
आणि बोटं थोडी
उघडली.